घडी घातलेली आग

जुनं फर्निचर विकणाऱ्याच्या दारात गर्दी कशाला जमेल? लोक येतात एकेकटे, खुर्चीच्या पायाला टिचकी मारतात, "काहीतरी कमी करा की" म्हणतात आणि चालू लागतात. पण त्या संध्याकाळी दुकानासमोरचा रस्ता दोन्ही कडांनी भरला होता. समोरच्या शिंप्याच्या पायरीवर पाऊल ठेवायला जागा नव्हती. वरच्या खिडक्यांतून माणसं इतकी वाकली होती, की एखादा खाली पडला असता तर तोही चमत्कारात जमा झाला असता. सगळ्यांचे डोळे एका मोडक्या स्टुलावर होते, आणि स्टुलासमोर मांडी घालून ठिणगीबाबा बसला होता.

बाबाने झोळीतून मूठभर राख काढून स्टुलावर पसरली. बारक्या बाटलीतलं दाटसर तीर्थ तिच्यावर ओतलं. मग रिकामे तळवे सगळ्यांना फिरवून दाखवले.

"माझ्याकडे काडी आहे? नाही. लायटर आहे? नाही. मी काही लावणार नाही. ज्याने या दुकानात आगी लावल्या, तोच आता लावून दाखवेल. ये रे! रोज न बोलावता येतोस, आज बोलावलं तर लाजतोस होय?"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. राखेतून धुराची रेघ उठली होती. बघता बघता ती जाड झाली, आणि भप्पकन जांभळट ज्वाळा वर आली. गर्दीच्या तोंडून एकच "आँ" निघाला. शिंप्याने तर गळ्यातली टेपच घट्ट धरली.

दुकानाच्या दारात, आरामखुर्चीच्या पाठीमागे, घरची सून हातातला पॉलिश पेपर विसरून उभी होती. बाबा आता काय बोलणार, ते तिला आधीच कळलं होतं.

"हे पिशाच्च लाकडात राहतं," बाबा म्हणाला. "पण लाकूड काही आपल्या पायांनी चालत येत नाही. त्याला कुणाचे तरी पाय लागतात. या घरात गेल्या दोन-तीन महिन्यांत नवे पाय कुणाचे आले?"

प्रश्न कसला, रोखलेलं बोटच ते! सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

बाबाचा निकाल असा पडला: उद्या सूर्य मावळायच्या आत सुनेने माहेरी जावं आणि परत या उंबऱ्यावर पाय ठेवू नये. आणि पिशाच्चाचं मूळ घर, म्हणजे दुकानातलं शिसवी कपाट, बंधन घालायला बाबाच्या मठात पोचवावं. त्यासाठी बाबा स्वतःच टेम्पो आणणार होता. परोपकारी माणूस!

आगी लागल्या होत्या हे मात्र खोटं नव्हतं. महिन्याभरात तीनदा. पहिल्यांदा कामाच्या टेबलाखालची टोपली पेटली. दुसऱ्यांदा दुकानाला कुलूप असताना आरशाच्या टेबलाचा खण आतून जळाला. तिसऱ्यांदा भरदुपारी, सगळी जेवायला बसली असताना, जुन्या पेटीतून ज्वाळा निघाल्या. त्या विझवताना सासऱ्यांचा, म्हणजे अण्णांचा, उजवा हात मनगटापर्यंत भाजला. चाळीस वर्षं ज्या हाताने लाकडाला आरशासारखी चकाकी आणली, तो हात पट्टीत गुंडाळलेला बघून सासूबाईंचा धीर सुटला. त्यांनीच बाबाला बोलावलं होतं. त्यांना वाईट म्हणू नका. घाबरलेल्या माणसाला आधी मांत्रिक आठवतो, आणि मांत्रिकांचं दुकान त्यावरच चालतं.

रात्री नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "थोडे दिवस जाऊन ये. लोकांची तोंडं बंद झाली की…"

"थोडे म्हणजे किती, ते बाबाला विचारलंत का?" ती म्हणाली.

तिने बॅग भरायला घेतली. साड्यांच्या घड्या कडेला कड लावून बसत होत्या, आणि तिला स्वतःचाच राग येत होता. कारण आता तिलाही वाटायला लागलं होतं: तीन आगी लागल्या, त्या मी आल्यावरच ना? आपल्याच मनाने फितूर व्हावं, याहून वाईट काही नाही.

सकाळी नणंद आली. ही शेजारच्या गावात शाळेत विज्ञान शिकवायची. भावाचा फोन गेल्यावर पहिली गाडी पकडून आली होती. दारातली बॅग तिने पायाने बाजूला सारली आणि थेट आईसमोर उभी राहिली.

"आई, भूत शिसवीतच कसं गं राहतं? प्लायवूडमध्ये का नाही राहत?"

"तुला थट्टा सुचते. अण्णांचा हात बघ आधी."

नणंदेने हात बघितला आणि तिची थट्टा ओसरली. सुनेजवळ खाली बसून ती म्हणाली, "वहिनी, बाबाची आग मला ठाऊक आहे. औषधांच्या दुकानात मिळते ती. पण आपल्या आगींच्या वेळी बाबा नव्हता. ते कोडं त्याच्याहून अवघड आहे. तिन्ही ठिकाणी काय होतं, ते आठवून सांग."

"टोपली, खण आणि पेटी."

"आणि त्यांच्या आत?"

सून सांगायला गेली आणि तिच्या एकदम ध्यानात आलं. काखेत कळसा म्हणतात तसं झालं होतं. "चिंध्या," ती हळूच म्हणाली. "तेलाच्या. मी घडी घालून ठेवलेल्या."

लाकडाला जवसाचं तेल पाजायचं, तर ते जुन्या सुती कापडाने चोळावं लागतं. काम झालं की अण्णा त्या तेलकट चिंध्या मागच्या दोरीवर, खिडकीवर, झाडूच्या दांड्यावर, दिसेल तिथे पसरत. सुनेच्या माहेरी इस्त्रीचं दुकान. तिथे घडी न घातलेलं कापड म्हणजे घराण्याची बेअब्रू! इथे आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर दोरी सोडली, चिंध्यांच्या चौकोनी घड्या घातल्या आणि एकीवर एक रचून आत ठेवायला लागली. गिऱ्हाइकं खूश झाली. अण्णा कौतुकाने तिला 'टापटीप' म्हणू लागले.

"अण्णा, तुम्ही चिंध्या पसरत का होता?" नणंदेने विचारलं.

खाटेवरून अण्णा म्हणाले, "उस्तादाने शिकवलं म्हणून. चिंधीचा गोळा करून टाकला की तो बोटांवर पट्टी मारायचा. का, ते त्यानेही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ही घड्या घालायला लागली तेव्हा म्हटलं, असतील उस्तादाचे काहीतरी नखरे."

नणंद स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवा ओढून घेऊन घट्ट होतं, आणि त्यात ते तापतं. पसरलेलं असलं तर ऊब निघून जाते. घडीत मात्र कोंडते. ओल्या गवताची गंजी आतून कशी तापते, तसंच… वाटतंय खरं. पण नुसतं वाटून चालायचं नाही, करून बघायला हवं."

"आणि नाही पेटलं तर?"

"तर आपलं चुकलं म्हणायचं आणि दुसरं कारण शोधायचं."

"तोवर मी माहेरी असेन, ताई." सुनेने दारातल्या बॅगेकडे बघितलं. "आणि पेटलं तरी काय? म्हणतील, हिनेच लावली."

"म्हणूनच तू हात लावायचा नाहीस." नणंदेने मान वळवली. "आई, घड्या तू घाल."

सासूबाई दचकल्या. "मी? त्या बाधेला मी हात लावू?"

"चिंध्या आहेत गं. तू बाबावर विश्वास ठेवून बघितलास, आता एकदा स्वतःच्या हातांवर ठेवून बघ."

कुरकुरत का होईना, सासूबाईंनी चिंध्या तेलात भिजवून पिळल्या, घड्या घातल्या आणि एका मोडक्या टेबलाच्या खणात खच्चून भरल्या. टेबल दुकानाबाहेर उन्हात ठेवलं. बाजूला पाण्याच्या बादल्या आणि ओलं पोतं. त्याच तेलाच्या आणखी काही चिंध्या नणंदेने टेबलाशेजारी दोरी बांधून तिच्यावर पसरून टाकल्या. सून दुकानाच्या आत, सगळ्यांना दिसेल अशी बसून राहिली. बॅग शेजारीच होती.

दुपार सरली. काही नाही. खण बंद, दोरीवरच्या चिंध्या वाऱ्यावर हलताहेत, आणि नवरा येरझाऱ्या घालतोय. "उघडून बघू का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.

"कुणीही उघडायचं नाही," नणंद ठामपणे म्हणाली. पण तिचाही डोळा सारखा सूर्याकडे जात होता, आणि सुनेच्या ते लक्षात आलं होतं.

ऊन उतरलं तशी गर्दी जमायला लागली. नणंदेने शिंप्याकडून एक मोडका पाट मागून घेतला. त्यावर तिने राख टाकली. मग जखम धुवायला वापरतात ते जांभळे दाणे सगळ्यांना दाखवून, कुटून राखेत मिसळले आणि वर ग्लिसरीन ओतलं. गोड बोलावंही लागलं नाही, शिव्याही घालाव्या लागल्या नाहीत. धूर आला, जांभळट ज्वाळा उठली.

"मंत्र म्हणायचा राहिला," ती म्हणाली, "तरी पेटलं."

लोकांत हशा पिकला. पण शिंपी काही हसला नाही. "बाई, बाबाची लबाडी कळली. पण कुलूपबंद दुकानातली आग? ती कुणी लावली?"

हशा तिथेच विझला. तो प्रश्न खरा होता, आणि उत्तर त्या खणात होतं किंवा कुठेच नव्हतं.

तेवढ्यात टेम्पो आला. बाबा उतरला, आपल्या नावाचा उद्धार त्याच्या कानावर आधीच पोचला होता. पाटावरची राख त्याने पायाने उडवली.

"पोरखेळ! हिला अजून घालवली नाही? आणि हे टेबल कसलं?"

"त्यात तेलाच्या चिंध्या आहेत," नणंद म्हणाली. "आम्ही वाट बघतोय."

"कसली? चिंध्या बाबाचा मंत्र म्हणतील याची?" बाबा गर्दीकडे बघून हसला. सूर्य छपरांना टेकला होता. "लोकहो, दिवस गेला, काही झालं नाही. म्हणजे विज्ञान खोटं, पिशाच्च खरं! हे बघा, तुमच्या डोळ्यांदेखत…"

आणि त्याने खण खस्सकन ओढला.

सुनेला आधी वास आला. जळक्या तेलाचा, तोच, तिन्ही वेळचा. खणातून पिवळट धुराचा लोट उठला, आत हवा शिरली आणि चिंध्या धडधडून पेटल्या. बाबा "अयाई गं" करत मागे उडी मारायला गेला आणि टेम्पोवर आदळला. नवऱ्याने बादली रिकामी केली. जागच्या जागी खिळलेल्या गर्दीसमोर नुसता चुर्र आवाज होत राहिला.

बाबा मात्र कसलेला गडी. दाढी झटकत त्याने सुनेकडे बोट केलं. "बघितलंत? पेटलं! हिच्या हाताची चिंधी, पेटणारच! पांढऱ्या पायाची बाई घरात असेपर्यंत…"

माना पुन्हा तिच्याकडे वळल्या. नणंदेने फक्त आईकडे बघितलं. हे आईनेच बोलायचं होतं.

सासूबाई पायरी उतरून खाली आल्या. काल याच गर्दीसमोर त्या बाबाच्या पाया पडल्या होत्या.

"त्या चिंध्या मी भरल्या होत्या," त्या म्हणाल्या. "हिने हातसुद्धा लावला नाही. मी तेलात बुडवल्या, मी घड्या घातल्या, मी खण लावला. आता बोल, पांढऱ्या पायाची कोण? मी?"

बाबाची पंचाईत झाली. या म्हातारीला पिशाच्च ठरवावं, तर काल हिनेच त्याला खरा ठरवला होता.

"माता, कधी कधी पिशाच्च झाडही बदलतं…"

"टेम्पो बदल आता!" शिंपी ओरडला, आणि गर्दीने जी हुर्यो केली, तिच्यात बाबाचं पुढचं ज्ञान वाहून गेलं. टेम्पो रिकामाच वळला. शिसवी कपाट होतं तिथेच राहिलं.

सून तेव्हा बाहेर आली. तिला गप्प राहता आलं असतं. पण ती दोरीजवळ गेली, पसरलेली एक चिंधी ओढून तिने शिंप्याच्या हातात दिली.

"बघा, गार आहे ना? तेल तेच, कापड तेच. आधीच्या तिन्ही आगी माझ्या घड्यांनी लागल्या. कुणी काही केलं नव्हतं, मला ठाऊक नव्हतं एवढंच. अण्णांचा हात माझ्या चुकीने भाजला, ते मी नाकारत नाही. पण चूक सांगितली असती तर सुधारली असती. पायगुण कसा सुधारणार होते मी?"

दारात उभ्या अण्णांनी पट्टीतल्या हाताने डोळे पुसले. "चूक तुझी एकटीची कशी, टापटीप? मी चाळीस वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं, का म्हणून."

एवढंच सांगायचं होतं. घरात न कळणारं काही घडलं तर घाबरावं, त्यात लाज नाही. पण कारण सापडलं नाही म्हणून माणूस धरू नका. कुठे काय ठेवलं होतं ते बघा, एकमेकांना विचारा, पुन्हा करून पाहा. आज नाही सापडलं तर उद्या शोधा. तोवर कुणाच्या सुनेची बॅग भरू नका.

गर्दी पांगल्यावर नवरा बॅग उचलून आत नेऊ लागला. "राहू दे, मी नेते," ती म्हणाली. त्याच्यावरचा राग अजून गेला नव्हता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही.

तिने ओल्या, अर्धवट जळलेल्या चिंध्या गोळा केल्या. सवयीने तिचे हात एकीचे कोपरे जुळवायला लागले. सासूबाईंनी ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली, झटकली आणि दोरीवर वेडीवाकडी पसरली.

"दुसरी दे," त्या म्हणाल्या.