न तुटलेलं कुलूप

साहेब, तुम्ही माझ्या मजबुतीवर बोट ठेवून एका बाईचं चालतं दुकान बंद पाडलंत. विमा कंपनीने तुम्हाला चोरीचं नुकसान बघायला पाठवलं होतं. तुम्ही आलात, चहा प्यायलात आणि कागदावर लिहिलंत, 'कुलूप शाबूत.' ते शाबूत कुलूप मीच. माझी साक्ष कुणी काढली नाही, म्हणून आज मीच बोलतो.

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. एका कारागिराने पत्र्यावर पत्रा ठेवून, ठोकून ठोकून मला घडवलं. चावी तीन वेळा फिरवून तो म्हणाला होता, "हे काही फुटायचं नाही." त्या शब्दाचा मला फार अभिमान होता. आता त्याचीच लाज वाटते.

ताईंनी मला विकत घेतलं ते आपल्या शिवणकामाच्या दुकानासाठी. पाच मशिनी, कापायचं एक मोठं टेबल आणि कामाला चार बायका. मशिनींना तेल घालताना ताई एक थेंब मलाही द्यायच्या. बायका चेष्टा करायच्या, "ताई, कुलपाचे लाड पुरे, आमचा चहा सांगा!" अकरा वर्षं मी एकदाही अडलो नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, चोर आले. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. दुकानाचं दार बाहेर उघडायचं, त्यामुळे बिजागऱ्या बाहेरच होत्या. त्यांनी पहार घातली, चौकट फाडली, बिजागऱ्या उपटल्या आणि दार उलट्या बाजूने उघडलं. पाचही मशिनी गेल्या. ते सगळं दार माझ्या एकट्यावर लटकत होतं, आणि मी ते धरून ठेवलं. काय धरून ठेवलं, तर रिकामं दुकान!

ताई धावत आल्या. पाठोपाठ त्यांचे मामा आले. मामा सुतार. पोलीस चौकीतून निरोप आला, आज माणूस नाही, पंचनामा उद्या. आत गिऱ्हाइकांचं कापड तसंच पडलं होतं.

"लोकांचं कापड उघड्यावर टाकून जायचं का?" मामा म्हणाले. "सरक पोरी."

मित्रांनो, मोडकं दार बघून ज्याचे हात शिवशिवत नाहीत तो सुतार कसला? मामांनी फाटलेल्या चौकटीत नवी पट्टी बसवली, भोकं भुशाने आणि सरसाने बुजवली, नव्या बिजागऱ्या लावल्या, वरून रंगाचा हात मारला. वाकड्या बिजागऱ्या भंगारवाल्याला दिल्या. फोटो काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सरळ दार पाहिलं आणि सरळ दार लिहिलं.

साहेब, तुम्ही चौथ्या दिवशी आलात. मामांनी कौतुकाने दारावर हात फिरवला. "बघा साहेब, रेघसुद्धा दिसत नाही! चौकट पार फाटली होती, सगळी भरून काढली." तुम्ही लिहिलंत, 'दारावर व चौकटीवर रेघसुद्धा नाही.'

महिन्याने कंपनीचं पत्र आलं. जबरदस्तीने आत घुसल्याच्या खुणा असतील तरच चोरीची भरपाई, अशी अट आहे म्हणे. खुणा नाहीत, सबब दावा नामंजूर. ताई कोर्टात गेल्या. मला पुरावा म्हणून एका पाकिटात घालून लाखेचं सील ठोकलं. चार वर्षं मी त्या पाकिटात आहे. तेलाचा थेंब नाही. आतल्या लोखंडाला गंज धरला आहे.

मामांची उलटतपासणी मी पाकिटातूनच ऐकली.

"दार तुम्हीच बसवलंत? पोलीस यायच्या आधी?" कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

"हो. पोलीस येईपर्यंत काय दाराला पाठ लावून बसायचं होतं?"

कोर्टात हशा पिकला. वकीलही हसले. मग हळूच म्हणाले, "आणि जुन्या बिजागऱ्या?"

"भंगारात दिल्या."

"म्हणजे पुरावा तुम्हीच भंगारात घातलात."

मग कुणी हसलं नाही. पिंजऱ्यातून उतरून मामा ताईंकडे आले. "पोरी, तुझं दुकान मीच बुडवलं," ते म्हणाले.

"गप्प बसा मामा," ताई म्हणाल्या. "चोर तुम्ही नाही."

निकाल विरोधात गेला. मामा नात्यातले, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन नाही. कुलूप शाबूत, म्हणून घुसखोरी सिद्ध होत नाही. ताई आता दुसऱ्याच्या कारखान्यात कॉलर शिवतात. मामांनी हत्यारं विकून टाकली.

मित्रांनो, घरच्यांना सांगा. चोरी झाली तर आधी फोटो काढा, मग झाडू हातात घ्या. मोडलेला खिळासुद्धा जपून ठेवा. विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं संकट यायच्या आधी वाचा. ती बारीक का छापतात, हेही विचारा.

ताईंनी अपील केलं आहे. तारीख लागली आहे, आणि साहेब, या वेळी पिंजऱ्यात तुम्हाला बोलावलं आहे. तुमच्या अहवालावरच ताईंचं दुकान अडलं आहे. म्हणून एकच विचारतो. "चौकट पार फाटली होती," हे मामांचे शब्द तुमच्या कानावर पडले होते की नव्हते? पडले असतील तर ते अहवालात का नाहीत? शपथ घ्या, ताईंकडे बघा आणि उत्तर द्या.