रंगाखाली गेलेली पाटी

मित्रांनो, कपडे धुण्याच्या एका कारखान्यात, अगदी मागच्या खोलीत, ओल्या चादरी पिळणाऱ्या ड्रमखाली मी बसलेली असते. मी तीन फेजची विजेची मोटर. आता माझे वय झाले आहे.

माझ्या पोटात तांब्याची तार एका बाईने फार निगुतीने गुंडाळली होती. शेवटी अंगावर एक छोटी पाटी ठोकली गेली. मला किती व्होल्ट लागतात, मी किती अँपिअर ओढते, मिनिटाला किती फेरे मारते, सगळे तिच्यावर कोरलेले. त्यातच लिहिले होते: वीज दोनशे तीस व्होल्टची असेल तर माझ्या तारांची टोके त्रिकोणात जोडायची, म्हणजे डेल्टा; चारशेची असेल तर ती एका ठिकाणी जुळवायची, म्हणजे स्टार. चारशेवर डेल्टा जोडली, तर माझे पोट जळणार हे ठरलेले.

बरीच वर्षे मी लाकडाच्या वखारीत राबले. वखार बंद पडली, तेव्हा वहिनींनी मला विकत घेतले. वहिनी म्हणजे या कारखान्याच्या मालकीण. त्यांचे दीर इथले वायरमन. ते ‘वहिनी’ म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले.

भुसा आणि तेलाने मी नुसती माखले होते. वहिनींनी मला स्वतः पुसले आणि हौसेने हिरव्या रंगाचे दोन हात दिले.

“बघा तरी, कशी नव्या नवरीसारखी दिसतेय!” त्या म्हणाल्या.

पाटीही रंगाखाली गेली. मी मात्र त्या कौतुकाने सुखावले होते.

दुसऱ्या दिवशी दीर जोडणीला आले. इस्पितळाच्या चादरींचे ढीग पडले होते. ड्रमला आधी असलेली मोटर डेल्टात होती, म्हणून त्यांनी मलाही तशीच जोडली. इथली वीज चारशे व्होल्टची. बटण दाबताच मी गुरगुरले, तापले. मोटर जास्त वीज ओढू लागली की आपोआप पडणारा रिले असतो, त्याने वीज तोडली.

“वहिनी, काहीतरी चुकतंय.”

“भाऊजी, इस्पितळाची गाडी दारात उभी आहे. चढवा तो रिले पुन्हा!”

रिले पुन्हा पडला. मग किती अँपिअरला तो पडावा, तो आकडाच दिरांनी वाढवला. थोड्याच वेळात माझ्या पोटातून धूर निघाला आणि जळक्या वार्निशचा वास खोलीभर पसरला. चादरी ओल्याच राहिल्या. इस्पितळाने काम काढून घेतले.

“तुमच्या हाती मोटर म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!” सगळ्या कामगारांसमोर वहिनी ओरडल्या. दिरांनी पान्हे पिशवीत भरले आणि ते निघून गेले.

वहिनींनी मला मोटरींची जळलेली तार बदलणाऱ्या काकांच्या दुकानात नेले.

“पाटी कुठाय?” काकांनी विचारले.

“नसेलच तिला,” वहिनी म्हणाल्या.

काकांनी माझ्या अंगावरून अंगठा फिरवला, एका जागी ते थांबले आणि चिंधी थिनरमध्ये बुडवून घासू लागले. “ही काय! चारशेला स्टार, असं स्वच्छ लिहिलंय. रंग कुणी फासला हिच्यावर?”

वहिनींच्या नखांत अजून हिरवा रंग होता. त्यांनी मुठी मिटून घेतल्या.

मी दुरुस्त होऊन परतले, पण वहिनींनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दिरांनाच बोलावले. ते आले, तेव्हा वहिनी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या.

“भाऊजी, पाटी मी रंगवली. आणि चारचौघांत बोल तुम्हाला लावला.”

दीर माझ्याशेजारी उकिडवे बसले.

“रंगाखाली उंचवटा दिसला होता मला, वहिनी. खरवडायचा कंटाळा केला. रिलेचा आकडाही मीच वाढवला. तुम्ही बोललात ते म्हणून तर निमूट ऐकून घेतलं.”

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. दिरांनी आधी मीटरने वीज मोजली, मग पाटी मोठ्याने वाचली आणि मला स्टारमध्ये जोडले. इस्पितळाचे काम मात्र परत आले नाही. त्या कामासाठी ठेवलेल्या दोन बायकांना दुसरीकडे नोकरी शोधावी लागली. त्यांची आठवण निघाली की दीर-भावजय एकमेकांकडे बघायचे टाळतात, आणि मलाही माझी ती नव्या नवरीची ऐट आठवून शरम वाटते.

मित्रांनो, यंत्राला काय हवे ते त्याच्या पाटीवर लिहिलेले असते. ती वाचा. दिसत नसेल तर शोधा, घासा, विचारा. अंदाजाने वीज जोडू नका. यंत्र थांबले, तर ते का थांबले हे समजेपर्यंत तुम्हीही थांबा. माझी जळलेली तार काकांनी बदलून दिली. त्या दोघींचे गेलेले काम कुणालाच परत देता आले नाही.