बोडक्या डोंगराचा धूर

आमच्या बोडक्या डोंगराचा माथा आत खचला, त्याला देव जबाबदार नाही, सरपंच महारुद्र जबाबदार आहे. दहा वर्षं त्यानं डोंगराचं पोट पोखरून मुरूम विकला, तोही विनापरवाना. माथा बसून मोठा खड्डा पडला तेव्हा त्याला अक्कल सुचली. म्हणे हा विझलेला ज्वालामुखी! इथं पर्यटनस्थळ करायचं, भोवती तारेचं कुंपण घालायचं, फाटकाला आपल्या वडिलांचं नाव द्यायचं. वडील हयात आहेत, तेही लाजले.

कुंपणाची बातमी गुंडाप्पा धनगराच्या कानावर गेली. त्याची साठ मेंढरं त्याच डोंगरावर जगतात. तो सरपंचाच्या दारात गेला.

"सरपंच, मेंढरं कुठं न्यायची म्या?"

"मेंढरं इकून टाका, तात्या. तुमाला फाटकावर राखणदार करतो. पाहणीला पर्यटन खात्याच्या बाई येतील, त्यांना येवढंच सांगायचं, माझ्या आज्यानं हितनं धूर निघताना बघितलाय."

हे वाक्य त्यानं म्हाताऱ्याकडून सात वेळा घोकून घेतलं. शिवाय तेरखेड्याहून धुराच्या फटाक्यांचं खोकं आणून खड्ड्यात लपवलं. वाक्य म्हणून झालं की मेंढरामागं जातोय असं दाखवून खड्ड्यात उतरायचं आणि एकच फटाका पेटवायचा, असं बजावलं.

बाई आल्या. गुंडाप्पानं वाक्य न चुकता म्हटलं, खाली उतरला आणि अख्खं खोकं पेटवून दिलं.

डोंगर गडगडला. काळापिवळा धूर उसळला तशा बाई चप्पल तिथंच टाकून जीपकडं धावल्या. सरपंच मागं पळत सांगत होता, "म्याडम, इझलेला हाय, इझलेला."

"नसेलही काही," बाई धापा टाकत म्हणाल्या, "पण उद्या काही झालं तर कागदावर सही माझी आहे."

महिन्याभरात पायथ्याला पाटी लागली: धोकादायक क्षेत्र. बांधकाम व उत्खनन बंद. तेलही गेलं, तूपही गेलं. सरपंचाचं खोदायचं मशीन लिंबाखाली गंजत पडलं. भीतीनं डोंगराकडं कुणी फिरकेना, त्यामुळं गुंडाप्पाला अडवायलाही कुणी उरलं नाही. याचा मला मनापासून आनंद झाला.

शेवटी सरपंचच धापा टाकत डोंगर चढून मेंढरांत आला. हापिसात तो स्वतः खरं सांगायला गेला असता, तर फटाके कुणी आणले आणि खड्डा कुणी पाडला, तेही सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं हात जोडले.

"तात्या, तुमी हापिसात सांगा, ज्वालामुखी-बिलामुखी काय न्हाय. माझं नाव तेवढं घेऊ नका."

गुंडाप्पानं काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"म्या कसं सांगू, सरपंच? माझ्या आज्यानं हितनं धूर निघताना बघितलाय."