दोरी कापलेली घंटी

मित्रांनो, मी एका जुन्या बसची घंटी आहे. कांदिवली स्टेशनपासून वर टेकडीच्या वस्तीपर्यंत जाणाऱ्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्यावर मला बसवलं आहे. माझी गोष्ट गोड नाही. मी रागावलेली आहे आणि ते मी लपवणार नाही.

साकीनाक्याच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेची वाटी, आत एक हातोडी, आणि हातोडीला बांधलेली लांब दोरी. ती दोरी छताखालून थेट मागच्या दारापर्यंत जायची. तिचं टोक असायचं आमच्या कंडक्टरच्या, गुणाजीच्या हाताशी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. एवढीच माझी भाषा, पण भरलेली बस तिच्यावर चालायची.

गुणाजी मालवणकडचा. तोंडाने फटकळ, पण दोनदा दोरी ओढण्याआधी तो प्रत्येक वेळी दारातून बाहेर वाकून बघायचा. द्रौपदीबाई बसमध्ये असल्या तर जास्तच बघायचा. त्यांचे गुडघे धरलेले. त्यांच्या मुलीचं, रश्मीचं, स्टेशनजवळ साड्यांना फॉल-पिको करण्याचं दुकान आहे. तिच्यासाठी रोज दुपारी त्या डबा घेऊन निघायच्या.

"आवशी, सावकाश उतर गो. बस खंय पळान जाता?" गुणाजी म्हणायचा.

"तू आहेस तोवर कुठं जाते ती!" द्रौपदीबाई हसायच्या. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले की मगच मी वाजायचे. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

मग तिकीट मोबाइलवर आलं. खोटं कशाला बोलू, सोय झाली. श्वेता नावाची कॉलेजची मुलगी आता उन्हात ताटकळत नाही. बस कुठे पोचली ते तिला घरी बसून कळतं. सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं संपली. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांना कार्ड मिळालं, तेही द्रौपदीबाई मशिनला लावायला शिकल्या.

पण वर बसलेल्या साहेबांनी त्यातून भलताच हिशोब काढला. तिकीट मशिन देतं, मग कंडक्टर कशाला? जणू गुणाजी फक्त तिकीटच फाडत होता! त्याला खाली उतरवलं आणि स्टेशनच्या थांब्यावर उभं केलं, लोकांना मोबाइल कसा वापरायचा ते दाखवायला. पुढच्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये एकाने माझ्याकडे बघितलं. "आता ही दोरी कोण ओढणार?" म्हणाला आणि पक्कडीने कापून टाकली. मला मात्र तशीच ठेवली. काढायचे कष्ट कोण घेणार?

एका दुपारी बस स्टेशनच्या अलीकडच्या, रश्मीच्या दुकानाजवळच्या थांब्यावर आली. द्रौपदीबाई मागच्या दाराने उतरत होत्या. एक पाय रस्त्यावर, दुसरा पायरीवर, हातात डब्याची पिशवी. बसला लागूनच एका खाण्याचे डबे पोचवणाऱ्याची मोटारसायकल उभी होती. तिच्या पाठीवरच्या मोठ्या खोक्यामुळे आमच्या ड्रायव्हरला, खंडूला, आरशात दार दिसेना. समोर बसवलेला नवा स्क्रीन 'उशीर झाला' म्हणून लाल होऊन टुकटुक करत होता. खंडूने गाडी सोडली.

मला सगळं दिसत होतं. मित्रांनो, मला वाजता आलं नाही!

बस माणसांनी भरलेली होती. दाराला टेकून हर्षद नावाचा एक तरुण उभा होता, अगदी हातभर अंतरावर. पुढे श्वेता होती, कानात इअरफोन घालून. कोणीच ओरडलं नाही. द्रौपदीबाई पडल्या, पिशवी फरफटत गेली. शेवटी रस्त्यावरच्या भाजीवालीने बसच्या पत्र्यावर धपाधप थापा मारल्या, तेव्हा कुठे खंडूला कळलं. तोवर त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी हर्षदने काढलेला व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. खाली लिहिलं होतं, 'बेफिकीर ड्रायव्हर'. खंडूला दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं. दोरी कापायला लावणाऱ्यांना कोणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी हर्षद बसमध्ये चढला, तसा थांब्यावरचा गुणाजीही मागोमाग चढला.

"व्हिडिओ तुया काढलंस?"

"हो काका. लोकांना कळायला नको?"

"तू खंय उभो होतंस?"

"दारातच."

"मोबायल काढूक हात मोकळो होतो, आणि बोंब मारूक तोंड नव्हता?"

हर्षद गोरामोरा झाला. "मला वाटलं, ड्रायव्हरला दिसत असेल. कॅमेरे वगैरे असतात ना आता... मला खरंच वाटलं, कोणीतरी बघत असेल."

"मी बघी होतंय रे," गुणाजी म्हणाला, "आणि माकाच काढल्यानी!" श्वेताने कानातले इअरफोन काढले आणि मान खाली घातली.

हर्षद चौकशीला गेला. आरशात काही दिसत नव्हतं आणि आम्ही कोणी सांगितलं नाही, असं त्याने लिहून दिलं. खंडू कामावर परतला, पण त्याला दूरच्या डेपोत धाडलं. गुणाजी अजून थांब्यावरच आहे. द्रौपदीबाई वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. टेकडी उतरून त्या पुन्हा कधी खाली आल्या नाहीत. डबा बंद झाला. आणि नव्या चकचकीत बस येणार असल्याच्या जाहिराती मात्र माझ्याच बसच्या पाठीवर लावल्या आहेत. मी भंगारात जाईन. जाऊ दे.

मित्रांनो, तुमच्या हातात उद्या याहून हुशार फोन येतील. जरूर घ्या. पण बसमध्ये चढलात की एकदा मान वर करा. दाराकडे बघा. कोणी उतरत असेल आणि गाडी हलली, तर गळा फाटेस्तोवर ओरडा. लोक हसले तर हसू द्या.

मला वाजायला माणसाचा हात लागायचा. तुम्हाला ओरडायला कोणाचा हात लागतो?