माईच्या वहीत नसलेलं माडगं

रेडिएशनचे शेक घेण्याचे तेहतीस दिवस संपले तेव्हा स्वप्नालीला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. तिच्या वडिलांना, भगवानला, गालाचा कॅन्सर झाला होता. मोरिवलीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मशीनपाशी उभं राहताना त्यांनी गालात तंबाखू धरली, ती रिटायर झाल्यावर अशी भोवली. ऑपरेशन झालं, गाठ गेली म्हणाले. पण जिभेची चव गेली ती गेलीच. भाताचा घास तोंडात घोळवून पप्पा म्हणायचे, "पुठ्ठा चघळतोय असं वाटतं गं." वजन त्रेसष्टवरून शेहेचाळीसवर आलं.

"असंच चाललं तर नाकातून नळी टाकावी लागेल," डॉक्टरांनी सांगितलं. "घरचं, सवयीचं, मऊसर काहीतरी करून घाला."

सवयीचं म्हणजे काय, हेच स्वप्नालीला माहीत नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून सोनिवलीच्या फ्लॅटमध्ये शेजारच्या बिल्डिंगमधून पोळीभाजीचा डबा यायचा. ती स्वतः सकाळी सातला कल्याणच्या विमा ऑफिसला निघायची. मग तिला माईची वही आठवली.

माई म्हणजे पप्पांची आई, अंजनी. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या दोन खोल्यांत तिचा सगळा जन्म गेला. पंचेचाळिशीत बुद्धविहारातल्या प्रौढ वर्गात ती अक्षरं शिकली आणि एका शाळेच्या वहीत तिने तेवीस पदार्थ लिहून ठेवले. अक्षर मोठं, रेघ सोडून खाली उतरणारं. "बेसन लाल होईस्तोर भाजने. हात थांबवू नये. नंतर चिंच." प्रत्येक पानाच्या तळाशी तीच ओळ, "धा मानसांना."

स्वप्नालीने दोन महिने रजा टाकली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. पालक, चुका आणि डाळ एकत्र घोटून साई भाजी. मग कढी. मग कमळकाकडी, तीन शिट्ट्यांवर मऊ केलेली. निम्मे पदार्थ सिंधी आहेत हे तिला कळत होतं, पण त्यात नवल काय? सिंध्यांच्या शेजारी कॅम्पात राहिलेल्या कुठल्या मराठी घरात कढी-चावल होत नाहीत? दहा जणांचं माप ती दोनावर आणायची, मिरची वगळायची, मिक्सरला लावायची, गाळायची आणि वाटी घेऊन पप्पांपुढे बसायची.

"कसं झालंय?"

"चांगलंय," पप्पा म्हणायचे. चार चमचे झाले की मान हलवायचे.

"माईसारखं?"

यावर ते खिडकीकडे बघायचे.

अकरा पानं झाली. वजन चव्वेचाळीस. बाराव्या पानावर मुगाची डाळ होती, वरून तुपाची फोडणी. पप्पांनी एक चमचा घेतला आणि दुसरा हाताने अडवला.

"पप्पा, अहो माईच्या हातचं आहे हे. तिने लिहिलंय तसंच केलंय, अक्षर न् अक्षर."

"माईने हे आम्हाला कधी केलंच नाही."

त्यांचं बोलणं जड झालं होतं, त्यामुळे तिला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पप्पा थांबत थांबत बोलले. माई तीस वर्षं एका सिंधी शेठच्या घरी स्वयंपाकाला होती. दहा माणसांचं घर. तिथली भाभी सांगायची तसं ती शिकली आणि विसरायला होऊ लागलं तेव्हा लिहून ठेवलं. "कधी उरलेलं आणायची डब्यात. तुझी शालन आत्या खायची. मी नाही हात लावायचो. उपाशी झोपायचो, पण नाही."

स्वप्नालीच्या हातातली वाटी तशीच राहिली. पाच आठवडे ती त्यांना तेच भरवत होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तू एवढं करतेयस..." पप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

वाटी खाली ठेवून तिने विचारलं, "मग तुम्हाला काय आवडायचं?"

"माडगं. हुलग्याचं. ताप आला की करायची."

वही तिने दोनदा उलटून पाहिली. माडगं कुठेच नव्हतं. तिने कॅम्पात शालन आत्याला फोन लावला. आत्या पप्पांहून पाच वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी अधू.

"वहीत कसं असंल?" आत्या म्हणाली. "जे रोज हाताखाली आहे ते कोण लिहितं? लिहायचं ते लोकांचं. थांब, मी येते."

स्वप्नाली बदलापूरच्या बाजारात हुलगे मागत फिरली. तिसऱ्या दुकानात म्हातारा वाणी म्हणाला, "कुळीथ म्हणा ना ताई!" दुसऱ्या दिवशी आत्या रिक्षातून उतरली ती थेट गॅसपाशी गेली. हुलगे भाजले, भरडले. पाण्यात पीठ कालवून सोडलं, लसूण ठेचून टाकली. मग हात थांबला.

"गूळ घालायची का गं ती?" आत्याने स्वतःलाच विचारलं. "घालायची. थोडा."

"गूळ नाही," बाहेरच्या पलंगावरून पप्पांचा आवाज आला.

"तुला काय आठवतंय? तू तापात असायचास!"

"नाही म्हणतो ना."

आत्या पदराने तोंड पुसत उभी राहिली. "खरंच आठवत नाही गं," ती हळूच म्हणाली. "मी चुलीपाशी कधी बसले? मी भगवानच्या पाठच्या भावाला घेऊन बाहेर असायची."

शेवटी दोन पातेल्यांत केलं, एक गुळाचं, एक नुसत्या मिठाचं. पप्पांना उठवून बसवलं. त्यांनी वाटी नाकापाशी धरली, बराच वेळ. मग मिठाचं एक चमचा, गुळाचं एक चमचा. दोन्ही वेळा गिळताना त्यांचा गळा दुखून आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कोणतं, भगवान?" आत्याने विचारलं.

पप्पांनी पुन्हा मिठाचं घेतलं. जीभ टाळूला लावून पाहिली.

"कळत नाही," ते म्हणाले. "दोन्ही सारखंच लागतंय. वासपण येत नाही." आणि मग लहान मुलासारखे रडायला लागले. ऑपरेशनच्या दिवशीही ते रडले नव्हते.

मंगळवारी नळी टाकली. आता सिरिंजने दुधातली पावडर जायची, दर तीन तासांनी दोनशे मिली. स्वप्नालीची रजा संपली, दिवसा एक बाई ठेवली. डिसेंबरात गाठ मानेत परत आली आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पप्पा गेले.

पुण्यानुमोदनाच्या विधीला जेवण केटररचं होतं, वरण-भात, बटाट्याची भाजी, बुंदी. लोक गेल्यावर स्वप्नालीने आत्याला विचारलं, "पुन्हा एकदा करूया माडगं? मला शिकायचंय."

"शिकशील," आत्या म्हणाली. "पण बरोबर झालं का चुकलं, ते कोण सांगणार बाई?"

 स्वप्नालीने रिक्षा बोलावली आणि आत्याला हात धरून जिना उतरवू लागली, एक एक पायरी.