घर अजून व्हायचंय

मी भिंत बोलतेय. दगडाची नव्हे, लाकडाची. ग्वाल्हेरचा माणूस दगडावर भरवसा ठेवणारा. शहराबाहेरच्या या ज्येष्ठांच्या वसाहतीत जो येतो तो मला नाक मुरडतो आणि विचारतो, "दीमक तर नाही ना लागणार?" वाळवीच्या या भीतीचा सुरुवातीला मला फार राग यायचा.

माझा जन्म कारखान्यातला. चिडाच्या झाडाच्या फळ्या एक थर उभा, एक थर आडवा अशा रचल्या, मध्ये डिंक भरला आणि यंत्रानं घट्ट दाबल्या. 'इंजिनिअर्ड टिंबर' म्हणतात मला. एका फळीला जे झेपत नाही ते आम्ही सगळ्या मिळून पेलतो. क्रेननं उचलून मला इथं उभं केलं आणि माझ्या दोन अंगांना दोन खोल्या झाल्या.

अलीकडच्या खोलीत जगदेवराव आणि शालिनीताई राहायला आले. शहरातल्या, दौलतगंजातल्या घराचा जिना त्यांना चढवेना. जगदेवराव मालगाडीवर गार्ड होते, त्यामुळे ताईंचं निम्मं आयुष्य त्यांची वाट बघण्यातच गेलेलं. आता कुठे दोघांना निवांत बसायला मिळणार होतं. पण तोंडाशी आलेला घास गेला. ताईंना विसर पडायला लागला. एका सकाळी नवऱ्याकडे बघून त्या किंचाळल्या, "हा कोण बुड्ढा शिरलाय माझ्या खोलीत? ह्यांना बोलवा कुणी!"

मग ताईंना माझ्या पलीकडच्या खोलीत हलवलं.

जगदेवराव दिवसभर माझ्याकडे तोंड करून बसले. ड्यूटीवरून आले की ते घराची कडी कधी वाजवत नसत, बोटांच्या पेरांनी दार ठोकत. तसंच त्यांनी मला ठोकलं. बायको ओळखेल, एवढीच आशा. दगडात तो आवाज विरला असता. मी तो जसाच्या तसा पलीकडे पोचवला.

ताईंनी मान वर केली. "मिस्त्री आले वाटतं!" त्या खुशीत ओरडल्या. "जल्दी हात चालवा हं! घर झालं की आमचे हे येणार आहेत."

जगदेवरावांचा हात हवेतच राहिला. मग ते मोठ्यानं म्हणाले, "हो बाईसाहेब. बस, थोडंच बाकी आहे."

त्या दिवसापासून ते मिस्त्री झाले. रोज काठीच्या मुठीनं मला ठोकायचे, आणि ठोके ऐकत ताई पोटभर जेवायच्या. त्यांची देखभाल करणारी अश्लेषा हसायची. तिला तो म्हाताऱ्याचा नाद वाटायचा, आणि जगदेवरावांनीही तिला कधी काही सांगितलं नाही. कधी कधी ते पलीकडे जायचे. ताई त्यांना बिस्कीट द्यायच्या आणि कुठं खुंटी ठोकायची ते सांगायच्या.

"कसे आहेत तुमचे हे?" जगदेवरावांनी एकदा विचारलं.

"तापट आहेत," ताई लाजून म्हणाल्या. "पण घरात पाऊल टाकलं की आधी मलाच हाक मारतात. आवाज ऐकला की कळेल तुम्हाला."

खोलीत परतून जगदेवराव माझ्यावर डोकं टेकून रडले. हाक मारायची त्यांची हिंमत झाली नाही. ताई पुन्हा किंचाळल्या असत्या तर मिस्त्रीपणही गेलं असतं.

गेल्या आठवड्यात ठोकता ठोकता त्यांची काठी गळून पडली. ते माझ्या अंगावरून घसरत खाली बसले आणि गेले. एवढा भार पेलणारी मी, पण त्यांना धरू शकले नाही.

पलीकडे ताई बराच वेळ कान देऊन होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "अश्लेषा, माझी चंदेरी काढ. काम थांबलं. घर झालं बघ!"

तेव्हापासून त्या चंदेरी नेसून दाराकडे तोंड करून बसल्या आहेत. ताट तसंच परत जातं. "हे आले की जेवू. गाडी लेट असेल." अश्लेषा घास पुढे करते, रागावते, रडते. तिला कारण ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, पण मला हात नाहीत.

तुम्ही कधी इकडे आलात तर त्या रिकाम्या खोलीत जा आणि मला ठोका, जोरात ठोका. ताईंचं घर एवढ्यात पूर्ण होऊ देऊ नका.