ईशान्येचा उतार

माथ्यावरून पाहिलं तर स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरांतला तो उतार इतका गुळगुळीत दिसत होता की अवधूतला राहवेना. सकाळपासून तिघं स्कींच्या तळाला पकड देणाऱ्या पट्ट्या लावून चढत आले होते. आता पट्ट्या काढायच्या आणि एका दमात खालच्या तळ्यापर्यंत जायचं. पुढच्या आठवड्यात अवधूत नोकरी सोडून कायमचा पुण्याला परतणार होता, आणि या उतारासाठीच तो मृणालच्या मागे लागला होता.

"इथूनच खाली. चालेल ना?" त्याने दोघींना विचारलं.

"चालेल," पूर्वी म्हणाली.

"चालेल," मृणालही म्हणाली आणि स्वतःचाच आवाज ऐकून चमकली. लंडनमधल्या पिनरला कुणा मराठी घरी गेल्यावर 'आणखी पोहे वाढू?' असं विचारलं की ती अगदी याच सुरात उत्तर द्यायची. भूक असो वा नसो.

मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत ती धातूंना तडे कसे जातात ते तपासायची. बर्फाची तिला भीती नव्हती, पारख होती. काल दिवसभर नैऋत्येचा वारा सुटला होता, आणि त्याने उडवलेला बर्फ समोरच्या ईशान्य उतारावर येऊन साठला होता. वरचा थर कडक, खालचा भुसभुशीत. सकाळी चहा घेताना हिमस्खलनाचा अंदाज तिनेच मोठ्याने वाचून दाखवला होता. तरीही मित्राचं मन मोडवेना, म्हणून तोंडून तो शब्द गेला.

"थांबा," ती म्हणाली. "डोंगरावर 'चालेल' बंद. हो म्हणायचं, नाहीतर नाही. पूर्वी, आधी तू."

पूर्वी इंग्लंडातच, कॉव्हेंट्रीत जन्मलेली, तिघांत लहान. तिने अवधूतकडे पाहिलं.

"त्याच्याकडे नको बघूस. तो काय परीक्षक आहे?"

"मग नाही," पूर्वी म्हणाली. "मघाशी आपण तो छोटा स्लोप क्रॉस केला ना, तेव्हा माझ्या स्कीखालून क्रॅक गेला. खूप लांब. मला वाटला तुम्ही दोघांनी बघितला, म्हणून मी बोलली नाही."

"अगं, हे आधी सांगायचं नाही का!" अवधूत उसळला.

"ती सगळ्यांत मागे होती, आपल्याला कसं दिसणार?" मृणाल म्हणाली. "आणि तू विचारलंस तरी कुठे? तू फक्त मान डोलवायला सांगितलीस."

"बरं बाई. मग माझं उत्तर हो. आता?"

"एकाचं जरी 'नाही' आलं, तरी सगळ्यांचं नाही. पण तुझी खात्री पटवते."

उताराच्या कडेला, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका बुटक्या चढावर तिने फावड्याने खड्डा घेतला. बर्फाचा उभा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि टपल्या मारू लागली. आधी मनगटातून हलक्या. ठोकळा हलला नाही. मग कोपरापासून. दुसऱ्याच टपलीला वरचा थर चाकूने कापल्यासारखा सुटला आणि सरकत तिच्या बुटांवर येऊन पडला.

अवधूत वाकून तो काप बघत राहिला. त्याने हातमोज्यासकट त्यावरून एकदा हात फिरवला.

"इतका साफ?"

"इतका. आणि तो उतार याच्यापेक्षा उभा आहे."

त्याने स्की पाठीवर बांधल्या. वाऱ्याने खरवडून काढलेल्या दगडी धारेवरून ते पायीच निघाले. वाटेत अवधूत दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा त्याने स्कॉटलंडला शिव्या दिल्या. पूर्वी आता पुढे चालत होती. कुठे गोठलंय, कुठे पोकळ वाटतंय, ते मागे वळून ओरडून सांगत होती.

तळ्याशी पोचल्यावर तिघांनी वर पाहिलं. उतार होता तसाच होता, पांढरा, शांत, कुणाचीही रेघ नसलेला.

"बघ, नाही कोसळला," अवधूत म्हणाला.

"नाही कोसळला," मृणाल म्हणाली. "छानच झालं."

आणि तिने थर्मासचं झाकण उघडून पहिला चहा त्याच्या हातात दिला.